एकाच भजनाच्या प्रती

बाबा, आज मी तुमचं भजन काढून टाकायला बसलो होतो. सगळंच नाही, एक प्रत ठेवून बाकीच्या. आईनं सांगितलं म्हणून. तिला मी उन्हाळा लागताना एक छोटा स्पीकर आणून दिला, लाल रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. त्यात कार्ड घातलं की एकामागून एक गाणी वाजत राहतात. आई त्याला डब्बा म्हणते. आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तुमची जेवढी गाणी होती तेवढी मी न तपासता त्या कार्डात भरून दिली. मी न तपासता काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी दुकानात लग्नपत्रिकांची घाई होती. आता रोज सकाळी आई भाजी चिरायला बसली की डब्बा लावते. तुमचं ते खंजेरीचं भजन लागतं. मग दोन-तीन दुसरी गाणी, आणि परत तेच भजन. परत दुसरी, परत तेच. आणि गंमत म्हणजे दरवेळी ते आधीपेक्षा जोरात वाजतं. शेवटी शेवटी तर शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारतात. परवा आई वैतागली. "एकच भजन किती डाव म्हणते गा हा डब्बा!" ती म्हणाली. "आन मागच्याहून मोठ्यानं म्हणते. माह्या हातातला विळा सुटला न. काढून टाक ते सारं, एक ठेव."

मी पुस्तकातल्यासारखं लिहितोय. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असतात, "हा काहून मास्तरसारखा बोलून राहिला गा?" पण लिहायला बसलो की मला असंच येतं. बोलायला बसलो की येत नाही.

आज रविवार, सदर भागातलं आमचं छपाईचं दुकान बंद. जेवण झाल्यावर मी आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावला. हा तोच, तुम्ही आणलेला. त्याच्या पोटातून आता मधूनच टकटक आवाज येतो, फार दिवस टिकेल असं वाटत नाही. मी दहावी पास झालो तेव्हा तुम्ही तो कोणाच्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर ऑटोत मांडीवर घेऊन आला होता, पडद्याला आईची साडी गुंडाळून. गल्लीतली पोरं ऑटोच्या मागे धावत होती. तुमच्या केसांत सुताचा पांढरा भुसा तसाच होता, म्हणजे कारखान्यातून परस्पर गेला होतात. तुम्ही टेबलाची धूळ स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसलीत आणि म्हणालात, "घे गा. अभ्यास कर याच्यावर. आन माये गाणे याच्यात ठेव. कार्डाचा काही भरोसा नाही."

त्या दिवसापासून मी तुमच्या गाण्यांचा कारभारी झालो. जरीपटक्याच्या बाजारात जिन्याखाली तो गाणेवाला बसायचा, मोबाईलच्या कार्डात गाणी भरून द्यायचा. तुम्ही त्याच्याकडून कार्ड भरून आणलंत की रविवारी माझ्या हातात ठेवायचात आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचो. त्यानं दिलेली नावं मला बघवत नसत. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, मध्येच आकडे. मी एकेक नाव पुसून शुद्ध मराठीत लिहायचो. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की तुम्ही तेच एक भजन परत परत भरून आणता. उमरेडकडच्या कुठल्याशा गावच्या मंडळानं म्हटलेलं, एक म्हातारा पुढे गातो, मागे दहा-बारा माणसं, आणि सगळ्यांच्या वर ती खंजेरी. "बाबा, हे आहे न आपल्याजवळ," मी म्हणायचो. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि जरा वेळानं म्हणायचात, "हो, हो." पुढच्या वेळी पुन्हा तेच. एकदा मी चिडून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हे आणि हे एकच आहे. तुम्ही वाकून बघितलंत. "असू दे गा," तुम्ही म्हणालात, "ते वेगळं हाय."

"वेगळं कसं? तेच मंडळ, तेच भजन."

"हो, हो," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, बाबांना कळत नाही. माग चालवणाऱ्या माणसाला फाइल म्हणजे काय हे कुठून कळणार, असंच मी मनात म्हटलं होतं, अकरावीतल्या पोराच्या अकलेनं.

तुम्ही माझ्याकडे बघायचात असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी काही बोलायला लागलो की तुमची नजर तिथे येऊन बसायची, आणि मी अर्ध्यावर थांबायचो. आपल्या गल्लीतली माझ्या वयाची पोरं तेव्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा खायला लागली होती. मला खात्री होती की मीही चोरून खर्रा खातो का, दात लाल झालेत का, हेच तुम्ही तपासता. मी एकदा आईजवळ रडलोही होतो, की बाबांना माझ्यावर भरोसा नाही. आई हसली. "त्याची नजरच तशी हाय," म्हणाली.

ते भाऊबीजेचं प्रकरण झालं नसतं तर कदाचित मी तुम्हाला खूप आधी पत्र लिहिलं असतं. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून माझ्या बाजूनं ते कसं होतं ते सांगतो. अकरावीला कॉलेजात इंग्रजीचे सर एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायचे. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जायचा नाही. "पेट में पढ रहा है क्या?" सर विचारायचे आणि वर्ग हसायचा. मी सायकल काढून कॉलेजपर्यंत जायचो आणि फाटकावरून परत फिरायचो. अशात एकानं सांगितलं की सदरला पत्रिका आणि फ्लेक्स छापायच्या दुकानात मराठी टायपिंगला पोरगा पाहिजे, शुद्धलेखन चांगलं असलेला. नवरात्राच्या आधीचे दिवस होते. कारखान्यात दिवाळीचा माल चालू, तुम्ही दोन पाळ्या करून आलेले. आई नळावर गेलेली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवताय, ताटात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. मी तुमच्या डाव्या हाताला भिंतीला टेकून उभा आहे. ओट्यावर दूध तापतंय, मी त्या दुधाकडे बघत म्हणतो, "बाबा, मी कॉलेज सोडू का? सदरले एका दुकानात टायपिंगचं काम भेटून राहिलं."

तुम्ही मान वर केलीत. "हो, हो," तुम्ही म्हणालात. "कर." आणि भाकरीचा तुकडा मोडलात.

तुमचं 'हो' इतक्या लवकर आलं की माझ्याकडे तयार असलेली पुढची सगळी वाक्यं तशीच राहिली.

मग भाऊबीजेला मामा आला. मामा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, त्याची हाक गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. ओवाळणं झालं, सगळे जेवायला बसले, आणि मामानं मला विचारलं, "काय भाचेबुवा, कॉलेज काय म्हणते?" मी म्हटलं, सोडलं मामा, दुकानात लागलो. मामाचा घास हातातच राहिला. "सोडलं? आन जवाईबुवा, तुम्ही सोडू देलं?"

"काय सोडलं?" तुम्ही विचारलंत.

"कॉलेज! पोरानं कॉलेज सोडलं न तुमच्या!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली मान घालून म्हटलं, "मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हटलं." तुम्ही नुसते बघत राहिलात. मग मामाच ओरडला, "म्हणते, तुमाले इचारलं होतं! तुम्ही हो म्हटलं म्हणते!"

"मले?" तुमचा चेहरा एकदम बदलला. "मले कधी विचारलं? खोटं बोलून राहिला हा. बापाच्या तोंडावर खोटं!" हात उचलला नाहीत तुम्ही. ताट सरकवून उठलात आणि दुपट्टा खांद्यावर टाकून बाहेर निघून गेलात. आई दारापर्यंत गेली आणि परत आली. मामा मला म्हणाला, "असं नाही कराव रे बापू," आणि त्याच्या आवाजातली ती कीव मला अजून ऐकू येते. मी खोटं बोलत नाही, बाबा. मला जमत नाही ते. तुम्ही मामासमोर स्वतःची लाज राखायला मला खोटं पाडलंत, असं मी ठरवून टाकलं.

त्यानंतर मी तुमच्याशी लागेल तेवढंच बोललो. बाबांना सांग, असं आईला म्हणायचो. तुम्ही तेव्हा रविवारी येऊन माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचात, नेहमी माझ्या डाव्या बाजूला. "आज काय टाइप केलं?" विचारायचात. मी पडद्याकडे बघत उत्तर द्यायचो, एका शब्दात. तुम्ही "हो, हो" म्हणायचात. मग खिशातून कार्ड काढून ठेवायचात, "हे भरून घे," आणि त्यात तेच भजन. मी मुद्दाम सुस्कारा सोडायचो. एवढं लांब कशाला, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाचं सांगतो. कावीळ अंगात भिनली होती, डोळे हळदीसारखे झालेले. आई डबा आणायला घरी गेली होती. मी पायाशी बसून तुमच्या चादरीची घडी सरळ करत म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो." तुम्ही हसलात. अगदी मायेनं हसलात. आणि म्हणालात, "हो, हो."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे तुम्ही जाणूनबुजून मला खोटं पाडलं होतंत आणि आता ते हसण्यावारी नेत होतात. मी असंच समजलो. उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो. आई येईपर्यंत आत आलो नाही. तुम्ही त्याच आठवड्यात गेलात, आणि मी इतकी वर्षं तुमचं ते हसू तुमच्यावर धरून ठेवलं.

आता आजचं सांगतो. सारख्या फाइली शोधून देणारा एक प्रोग्राम असतो, तो लावला. तो आधी तंतोतंत सारख्या असलेल्या फाइली दाखवतो, अक्षराला अक्षर, मात्रेला मात्रा जुळणाऱ्या. त्या भरपूर निघाल्या, एकेक कार्ड दोनदा उतरवल्यामुळे झालेल्या. त्या मी बिनघोर काढल्या. मग दुसरी यादी आली: नाव तेच, लांबी तीच, पण फाइल आतून जुळत नाही. त्या यादीत सगळीकडे तुमचं खंजेरीचंच भजन. प्रोग्राम विचारतो, यातली कोणती ठेवायची? मी ऐकल्याशिवाय सांगणार नव्हतो. कूलर बंद केला, त्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नाही. बाहेरून आई ओरडली, "काहून बंद केला गा कूलर? भाजून काढतं का मले?" मी म्हटलं, पाच मिनिटं. तारखेप्रमाणे लावून घेतली, सगळ्यात जुनी वर, सगळ्यात नवी खाली, आणि एकेक वाजवायला लागलो.

पहिलं भजन गोड आहे. म्हातारा गातो, मागे मंडळ, खंजेरीच्या झांजा पाण्यावर ऊन पडावं तशा. दुसरं तेच, थोडं चढवलेलं. तिसरं आणखी चढवलेलं. चौथ्यात म्हाताऱ्याचा आवाज मागे सारून नुसती झांज पुढे काढली आहे. त्याच्या पुढच्यात झांज कानात टोचते. शेवटच्यात सगळंच फाटलं आहे, म्हातारा घसा खरवडल्यासारखा वाटतो, टाळ्या पत्र्यावर गोटे पडावेत तशा. आवाजाची रेषा दाखवणारा एक प्रोग्राम मी दुकानात लग्नाच्या व्हिडिओसाठी वापरतो, त्यात ही सगळी उघडली. पहिल्याची रेषा डोंगरदऱ्यांची आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा. शेवटच्याची भिंतच, वरपासून खालपर्यंत भरलेली.

ती भिंत बघितली आणि मला जरीपटक्याचा तो जिना आठवला. एकदा तुम्ही मला सोबत नेलं होतं. तुम्ही गाणेवाल्याचा हेडफोन कानाला लावून उभे आहात, डोळे मिटलेले. "झांज काढून टाकली का गा तू?" तुम्ही जोरात विचारता, आजूबाजूचे लोक वळून बघतात. गाणेवाला हसतो. "झांज है ना काका, पूरी है." "नाही हाय. वाढव." तो वाढवतो. "अजून." तो पुन्हा वाढवतो आणि हात जोडतो, "काका, अब इससे जादा करूंगा तो फट जाएगा." "फाटू दे," तुम्ही म्हणता. मला लाज वाटली होती, बाबा. मी दोन पावलं मागे सरकून बाजूच्या दुकानातल्या चपला बघत उभा राहिलो. मला वाटलं, कारखान्यात मागांच्या खडखडाटात ऐकायचं असेल म्हणून वाढवून घेताय. असंही वाटलं की आपल्या बापाला दाखवायची हौस आहे, हॉर्न बदलून फिरणाऱ्या पोरांसारखी.

गाणेवाल्यानं प्रत्येक प्रतीला काहीतरी नाव दिलं असणार, लाऊड, डबल लाऊड, असलं. ती नावं चुकीची लिहिलेली होती म्हणून मी पुसून सगळ्यांना एकच शुद्ध नाव दिलं होतं.

मला खात्री करून घ्यायची होती. तुम्ही म्हणाल, याला नेहमीच करून घ्यायची असते. देवाच्या कोनाड्यातून आईचा वातीचा कापूस घेतला, दोन्ही कानांत घट्ट बसवला, वरून हात दाबले आणि पहिली प्रत लावली. म्हातारा लांबून, विहिरीतून गातोय. मंडळ आहे. झांज नाही. झांज पुसून गेली. मग शेवटची, फाटलेली लावली. आणि बाबा, त्या फाटलेल्या आवाजाच्या आतून, अगदी बारीक, झांज आली. किती वेळ मी तसाच बसलो होतो माहीत नाही. खांद्यावर कोणाचा तरी हात पडला आणि मी खुर्चीवरून उडालो.

आई होती. ओठ हलताना दिसले. मी कापूस काढला. "केव्हाची हाका मारून राहिली मी!" ती म्हणत होती. "चहा थंडा होऊन गेला. तुह्या बाबासारखा बहिरा झाला का गा तू?"

मी म्हटलं, "बाबा बहिरे होते?"

"बहिरे म्हणजे काय, एकदम नाही." ती खाटेवर टेकली, पदरानं मान पुसली. "मागावरच्या माणसाचं होतेच तसं. तुह्या आजोबाचा हातमाग होता, त्यानं कान नाही जाये. पावरलूमनं जाते. डावा तर पुराच गेला होता त्याचा. मी त्याच्या उजव्या बाजूनंच बोलत होती, तू पाह्यलं नाही?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोन सांगन? त्यानं शपथ घातली होती मले. शेठले समजलं तर चार माग काढून दोनच देईन म्हणे. सूत तुटलं का मागाचा आवाज बदलते, ते कानानं पकडा लागते न. तो हात ठेवून पकडे, मागाच्या लाकडावर." मग ती थोडी हसली. "आन घरात सांगाचं काय त्याच्यात? आपल्या गल्लीत सारेच कल्ला करून बोलते. माहं त्याले समजे. तुह्या मामाचं तर उमरेडहून समजे. तूच एकटा हळू बोले."

मी लहान असताना तुमचा डबा घेऊन कारखान्यात यायचो ते मला आठवलं. आत तर कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातानं बोलतात, चहा म्हणजे अंगठा ओठाला, शेठ आला म्हणजे डोक्यावर टोपीची खूण. मागांतले धोटे सूत घेऊन इकडून तिकडे पळत असतात, पायाखालची जमीन थरथरते. तुम्ही वाकून तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणायचात आणि माझ्या ओठांकडे बघायचात. तिथे मला त्याची भीती वाटायची नाही. तिथे सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघत असत.

"मग माझं बोलणं?" मी आईला विचारलं.

"तुह्यं नाही समजे. मले म्हणे, पोरगं काहीतरी मागते, मले ऐकू नाही येत, मंग मी हो म्हणून टाकतो. मी म्हणे, विचाराव न पुन्हा त्याले. तर म्हणे, पुन्हा विचारलं का ते बोलतच नाही वं, कासवासारखं आत जाते. हो म्हटलं का त्याचं तोंड खुलते."

कूलर अजून बंद होता. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला उठून बटण दाबायचं सुचत नव्हतं. मी भाऊबीजेचं काढलं. तीच पुढे म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मले विचारे, खरंच विचारलं असन का वं त्यानं? मी म्हटलं, मले काय मालूम, मी नळावर होती. मले तर वाटलं होतं तुमचं बापलेकाचं बोलणं झालं. तर म्हणे, विचारलंच असन. आपलं पोरगं खोटं नाही बोलत."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगाले येऊन बसे न तुह्याजवळ," आई म्हणाली. "स्टूल घेऊन."

स्टूल घेऊन, माझ्या डाव्या बाजूला. म्हणजे तुमचा उजवा कान माझ्याकडे. आणि मी पडद्याकडे तोंड करून, ओठ दिसणार नाहीत असा. प्रत्येक रविवारी तुम्ही तेच भजन घेऊन आलात, कारण दुसरं काय घेऊन येणार होतात? भाऊबीजेनंतरच्या तारखा असलेल्या प्रती सगळ्यात जास्त आहेत. काहींमध्ये तर फरकही नव्हता, गाणेवाल्यानं वाढवायला नकार दिला असेल. मी दुपारी त्या तंतोतंत सारख्या म्हणून बिनघोर काढून टाकल्या होत्या.

दवाखान्यातलं ते हसू. त्याचा हिशोब मी आज उलटा लावून बघितला. मी पायाशी होतो, चादरीकडे बघत बोलत होतो. तुम्हाला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं. पोरगं काहीतरी म्हणतंय, एवढंच कळलं, आणि तुम्ही माझं तोंड खुलावं म्हणून 'हो' म्हणालात. आणि मी पायरीवर जाऊन बसलो. माझ्या आयुष्यातली तुमची जेवढी 'हो' आहेत, त्यांतली किती ऐकून म्हटलेली आणि किती न ऐकता, हे आता कोणत्याही प्रोग्रामला वेगळं करून दाखवता येणार नाही.

आईनं विचारलं, काढली का रे बाकीची? मी तिच्या कार्डात पहिली प्रत ठेवली, डोंगरदऱ्यांची. तिनं लावून बघितली, मान डोलावली. "हे बरं हाय माह्या कानाले," म्हणाली. "त्याचे त्याले राहू दे." कॉम्प्युटरमधल्या उरलेल्या प्रतींना मी हात लावला नाही. दुसरी डिस्क आणीन आणि त्या तिच्यात उतरवून घेईन. नावंही बदलणार नाही, तुम्ही म्हणाला होतात तसं वेगळी म्हणून ठेवीन.

संध्याकाळी मला वाटलं, हे पत्र तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचावं. दार लावलं, उभा राहिलो, पहिलं वाक्य म्हटलं. आवाज निघाला तो माझाच, दुकानात गिऱ्हाईकं "काय म्हटलं भाऊ, जोरानं बोला न" म्हणतात तो. भिंतीपलीकडच्या काकूंनाही ऐकू गेला नसता. मग वाचायचं सोडून दिलं. कागद कॉम्प्युटरच्या खाली सरकवून ठेवतो, तिथे आई झाडत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी दुधाकडे बघत तुम्हाला जे विचारलं, त्यावर मला 'नाही' ऐकायचं होतं. तुम्ही 'नाही' म्हणाल, रागवाल, उद्यापासून कॉलेजात जा म्हणून सांगाल, म्हणूनच मी विचारलं होतं, बाबा.